विहिरीची पाळी आणि फोनची पाळी

दादा,

आपल्या विहिरीला पाणी होतं. आपल्या पाळीला ते नसायचं, एवढंच.

कडेगावच्या बाजूला आपल्या भावकीची ती एक विहीर. चार घरांचा वाटा, आणि कुणी कधी पाणी उपसायचं याची पाळी ठरलेली. आपली पाळी थोरल्या चुलत्यांच्या मागोमाग. त्यांनी मोठी मोटार बसवली तेव्हापासून त्यांची पाळी संपेस्तोवर विहिरीचा तळ दिसायला लागायचा. मग आपण बटण दाबायचो. आपली लहान मोटार थोडा वेळ गढूळ पाणी ओढायची, मग नुसती हवा. आबा पाटाच्या तोंडाशी खोरं घेऊन उभे. पाणी येत नाही हे दिसत असूनही पाळी संपेपर्यंत ते तिथनं हलायचे नाहीत. आई हाक मारायची, आवं चला घरला. ते म्हणायचे, आपली पाळी हाय, मधनंच सोडून कसं यायचं?

हवा ओढणारी मोटार जळते. आपलीही सारखी जळायची. ती एस.टी.च्या टपावर टाकून तू आणि आबा सांगलीला भरायला न्यायचा. आतली जळकी तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळून बसवायची, याला मोटार भरणं म्हणतात, हे मला तूच सांगितलंस. असाच एकदा गेलास तो परत आला नाहीस. मोटार आली, आबा आले, तू स्टेशन रोडवरच्या मोठ्या दुकानात कामाला राहिलास. दहावीचं वर्ष होतं तुझं. पुस्तकं मग मी वापरली.

त्या दुकानाच्या मालकांनी तुला काम शिकवलं, हे मी नाकारत नाही. पण इतक्या वर्षांत त्यांनी तुला एकदाही नावानं हाक मारली नाही. 'ए कडेगाव' म्हणायचे. मोटार चांगली चालली तर मालकांचं नाव व्हायचं आणि जळाली तर कडेगाववाल्यानं घोळ घातला. सणाला घरी आलास की आई तुझ्या बोटांना तूप लावायची आणि विचारायची, मालक बरं हायती का रं? तू म्हणायचास, मालक बरं हायती, हाताखालची मानसं बरी नसत्याती. 'हाताखाली' हा शब्द मी तुझ्याकडून शिकले. त्याचा अर्थ कॉलेजात शिकवत नाहीत.

लग्न झाल्यावर तू सांगलीतच, गावभागातल्या बोळात स्वतःचं दुकान घातलंस. बोळ इतका अरुंद, की टेम्पो आत शिरत नव्हता. तासगाव, पलूसकडून मोटारी घेऊन येणारा माणूस स्टेशन रोडवरची मोठी पाटी बघायचा आणि तिथंच उतरायचा. तुझा हात मालकांच्या दुकानातल्या कुणाहीपेक्षा चांगला होता, पण तो बोळात होता. मंगलवहिनी उंबऱ्याजवळ बसून कॉइल गुंडाळायची आणि तू बोळाच्या तोंडाकडे बघत बसायचास. मालकांचा निरोप यायचा, कडेगावला म्हणावं जागा रिकामी ठेवलीय. शेवटी तू ठरवलंस, द्राक्षांचा एक हंगाम बघायचं, नाहीतर परत त्यांच्या हाताखाली जायचं. आणि हे ठरवत असतानाच माझी कॉलेजची फी भरत होतास.

मी बी.कॉम. झाले. आपल्या घरात, आईकडच्या नात्यात, सगळ्या भावकीत माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. तूही लपवला नाहीस, पण तुझी तऱ्हा वेगळी. निकालाच्या दिवसापासून तू मला सुमन म्हणणं सोडलंस. "ए बीकॉम, चा ठेव." "बीकॉम, त्यो पाना दे." गिऱ्हाईक आलं की मुद्दाम मोठ्यानं. बाहेरच्याला वाटायचं टिंगल चाललीय. टिंगल होतीच, पण ज्याला आपल्या घरचं बीकॉम नाही त्याला ती करता यायची नाही.

त्याच उन्हाळ्यात फोन आला. तू कधीतरी फोनसाठी नाव नोंदवून ठेवलं होतंस. तेव्हा सगळे हसले होते, बोळातल्या मोटारवाल्याला फोन कशाला. नंबर लागायला इतकी वर्षं गेली, की तूसुद्धा विसरला होतास. काळा, जड, चकती फिरवायचा फोन. तू त्याला वार्निशच्या डब्यांच्या फळीवर बसवलंस आणि रोज फडक्यानं पुसायचास. तो वाजायचाच नाही. आपल्याला फोन करील असं कोण होतं?

पहिला फोन चुकून आला. विश्रामबागेतल्या एका बाईंना नळाच्या सामानाचं दुकान हवं होतं, आपला नंबर लागला. घरात पाणी साठलं होतं आणि बाई रडकुंडीला आल्या होत्या. समोरच्या कट्ट्यावर इस्माईल चाचा चहा पीत बसले होते. नळाचं काम करणारे चाचा, सकाळपासून काम नव्हतं त्यांना. मी बाईंना म्हटलं, पत्ता सांगा, माणूस पाठवते. संध्याकाळी चाचा भजी घेऊन आले आणि म्हणाले, बेटी, ते तुजं डबडं लय कामाचं हाय.

त्या भज्यांवर मला ते सुचलं. सांगलीत घराघरात फोन येत होते, पण कारागिरांच्या घरात नव्हते. ज्याचं बिघडलंय त्याच्या हातात फोन आहे, जो दुरुस्त करू शकतो तो कुठंतरी कट्ट्यावर बसलाय. मध्ये कुणीतरी फोन उचलायला हवं. बिघडलं काय ते आम्हाला विचारा, आम्ही कारागीर पाठवतो. विचारणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही, कारागिरांनी महिन्याला थोडी वर्गणी द्यायची. नाव ठेवलं 'कारागीर फोन'. तू शेवटपर्यंत त्याला 'बीकॉमचं इचारनं' म्हणत राहिलास.

खरं सांगायचं तर इस्माईल चाचा, सुतार, गवंडी हे सगळे माझ्या मनात नंतरचे. मी ते केलं तुझ्यासाठी. मोटारीचा फोन आला की शामराव मिस्त्रींचं, म्हणजे तुझं, नाव सांगायचं. दुसरं नावच घ्यायचं नाही. हंगाम तोंडावर होता आणि तू परत हाताखाली जाणार होतास. माझा सगळा बेत एवढाच होता.

तो तुला सांगितला, तेव्हा तू हातातली मोटार बाजूला ठेवलीस.

"आनि बाकीचं मोटारवालं?"

"त्यांचं त्यांनी बघावं."

"वर्गनी त्यांची घ्यायची आनि नाव माजं सांगायचं व्हय?"

"मग त्यांची घेऊ नको."

"मग ते इचारनं कशाचं? ती माजी पाटी झाली."

मग तू भिंतीला एक तार ठोकलीस. जुन्या जळक्या मोटारींच्या पत्र्याच्या पट्ट्या तुझ्याकडे डबाभर होत्या, मोटारीवर कंपनीचं नाव असतं त्या. त्यांना पाठीमागून रंग देऊन प्रत्येकीवर एकेका मोटारवाल्याचं नाव लिहिलंस, आणि त्या तारेत ओवल्यास. फोन आला की पुढची पट्टी वाचायची, ते नाव सांगायचं आणि ती सरकवून मागं टाकायची. नळवाल्यांची वेगळी तार, सुतारांची वेगळी. विहिरीसारखी पाळी. मोटारवाल्यांच्या तारेत तुझी पट्टी सगळ्यात शेवटी होती. मी ती उचलून पुढं ओवली, तू काढून परत मागं ओवलीस. मी म्हटलं, पाळीनं आपल्याला काय दिलं? आबा हवा ओढत उभे राहिले. तू म्हणालास, पाळी वाईट नव्हती, मोटार मोठी होती. मी चिडले.

लोकांना नंबर कळावा म्हणून मी छोट्या चिकट चिठ्ठ्या छापून घेतल्या. फोनवरच चिकटवायच्या, म्हणजे हाताशी राहील. घरोघरी जाऊन मी स्वतः चिकटवल्या. फोन काही येईनात. वहिनी एक दिवस म्हणाली, "वन्सं, लोकं फोनवर झालरीचा रुमाल घालत्याती. तुमची चिट्टी झालरीखाली निजलीय." आणि खरंच, नव्या फोनला क्रोशाचं झाकण न घालणारं एक घर सांगलीत सापडलं नसतं. माझ्यासकट कुणाच्या हे डोक्यात आलं नाही. मग ठरलं, काम झालं की ज्यानं त्यानं तिथंच चिठ्ठी लावायची. चाचांनी नळाजवळ, वायरमननं फ्यूजच्या डबीत, सुतारानं दाराच्या मागं. चिठ्ठीवर त्यांचं नाव नाही, फोनचं. म्हणजे चाचा लावून आलेल्या चिठ्ठीवरून सुताराला काम लागायचं. तेव्हा फोन वाजायला लागला.

आणि काय काय विचारायचे लोक. लाईट कवा येणार? कडेगावची गाडी सुटली का? मिरजेतल्या एका आजोबांनी तर नातीसाठी स्थळ विचारलं, आणि मुलगा कारागीर असला तरी चालेल म्हणाले. मी असले फोन झटकन ठेवायची. तू मात्र एकदा फोन धरून लाईट का गेली असेल यावर इतका वेळ बोललास, की तेवढ्यात लाईट आली आणि पलीकडच्या माणसानं तुझे आभार मानले.

हंगाम सुरू झाला आणि एक दिवस मालक स्वतः बोळात आले. स्कूटर बोळाच्या तोंडाला लावून चालत. तू उठून उभा राहिलास. सवय. बसून त्यांनी तारेवरच्या पट्ट्या बघितल्या, हसले. मग माझ्याशी बोलले, तुझ्याशी नाही. म्हणाले, मोटारीचा फोन आला की पहिलं नाव आमचं सांगायचं, कायम. त्याबद्दल ते दुकानाचं भाडं आणि फोनचं बिल दोन्ही देणार होते.

दादा, मी हो म्हणणार होते. मला अजूनही वाटतं की तो व्यवहार वाईट नव्हता. भाडं सुटलं असतं तर तू त्यांच्या हाताखाली गेला नसतास, आणि तोच तर प्रश्न होता. पण तू वहिनीला चहा टाकायला सांगितलंस आणि म्हणालास, "मालक, तुमी या की. तुमचंबी नाव लावतो. पैलं न्हाई, पाळीत."

"पाळीत? तुज्या मागं?" मालक म्हणाले.

"माज्या पुढं. मी शेवटाला हाय."

ते चहा न पिता गेले.

त्यानंतर आपण बोलणं टाकलं. एकाच दुकानात, हातभर अंतरावर. तू म्हणायचास, मंगल, तुज्या नणंदेला सांग, वार्निशचा डबा इकडं सरकीव म्हणावं. मी म्हणायची, वहिनी, यांना सांगा, हात लांब केला की पोचतो. शेवटी वहिनी कॉइल खाली ठेवून म्हणाली, "मी काय तुमचं एक्स्चेंज हाय का? माजं बिल कोन भरनार?" तुला हसू आवरलं नाही. मग मी तुला विचारलं ते हे: पाळीत पुढं असलेल्याचं काम वाईट निघालं तर? फोन करणारी बाई पाळीवर नाही, माझ्या शब्दावर माणूस घरात घेते. तिचं काय? तू हातातली कॉइल गुंडाळून संपवलीस. मग म्हणालास, ते तू ठरीव.

मी ठरवलं. तक्रार आली की त्याची पट्टी उलटी करायची, तोवर त्याची पाळी बंद. काम परत, फुकट, नीट करून द्यायचं, आणि गिऱ्हाइकानं स्वतः फोन करून बरं झालं म्हटलं की मगच पट्टी सुलटी. पाळी तुझी, नियम माझा. त्या फोनमधला माझा वाटा हा आहे आणि तो मी कुणाला देणार नाही.

पहिली तक्रार तुझीच आली.

तासगावकडचे एक बागायतदार पाळीनं तुझ्याकडे आले होते. द्राक्षं भरायच्या दिवसात त्यांची मोटार जळली होती. तू ती भरलीस, पण वार्निश मारल्यावर बल्बच्या उष्णतेत मोटार पुरती सुकू द्यावी लागते, आणि ते सारखे म्हणत होते बाग वाळतीय, बाग वाळतीय. तुला त्यांची कीव आली. आणि स्टेशन रोडपेक्षा लवकर देऊन दाखवायची खुमखुमीही आली, हेही मी लिहिणार. ओलसर मोटार तू दिलीस. ती जळाली. त्यांनी आपल्याच फोनवर फोन केला. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं.

"बाई, तुमी सांगितलेला मिस्त्री काय कामाचा न्हाई. पिकाचा घात केला त्यानं."

तू समोर बसला होतास. कट्ट्यावर चाचा होते, सुतार होता. मी म्हटलं, तक्रार घेतली, मिस्त्री आज तुमच्याकडे येतील. फोन ठेवला, उठले आणि तारेवरची तुझी पट्टी उलटी केली.

"माजी?" तू म्हणालास.

"नियम एकच आहे."

"बीकॉम, हंगाम हाय ह्यो."

"ठाऊक आहे."

तुझ्या डोळ्यांत काय होतं ते मी बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर पट्टी सुलटी केली असती. तू चप्पल घालून निघून गेलास. त्या दिवशी वहिनीनं मला जेवायला वाढलं नाही, मी हातानं घेतलं. तू टेम्पोत मोटार घेऊन आलास, बोळाच्या तोंडापासून चाचांबरोबर उचलून आणलीस. तू आणि वहिनी, दोघांनी मिळून ती पहिल्यापासून भरली. बल्ब लावला. ते बागायतदार दारात येऊन बसले, ओरडले, तू त्यांना चहा दिलास आणि मोटार दिली नाहीस. पुरती सुकल्यावरच दिलीस. मधे मोटारीचे फोन येत होते, हंगामाचे फोन, आणि मी दुसऱ्यांची नावं सांगत होते, तुझ्यासमोर, मोठ्यानं. ज्या कामासाठी हा फोन मी सुरू केला त्याच कामाला तो येईना, आणि अडवून धरणारी मी.

मग एके दुपारी त्यांचा फोन आला. बागेला पाणी चाललंय, मिस्त्रीला सांगा. मी पट्टी सुलटी केली. तू मान वर न करता म्हणालास, "तार घट्ट बसव, सैल झालीय."

तू आज विचारलंस तरी मी तीच पट्टी उलटी करीन. पण ते बरोबर होतं असं तू मला कधी म्हणाला नाहीस, आणि चूक होतं असंही नाही. एवढं एक तरी सांगून जायचं होतंस.

बाकीच्यांनी मात्र सांगितलं. चाचा त्या दिवशी म्हणाले, आज कळलं, घरचा फोन न्हाई ह्यो. तोवर पुष्कळ कारागिरांना वाटत होतं, ही भावा-बहिणीची गंमत आहे, वर्गणी आपली आणि काम त्यांचं. ते यायला लागले. मिरजेचे आले, माधवनगरचे आले. हंगामाच्या शेवटी मालकांनी आपला माणूस पाठवला, वर्गणी घेऊन. तू त्यांची पट्टी स्वतः रंगवलीस आणि नेमकी तुझ्या पट्टीच्या पुढं ओवलीस. मालकांच्या मागोमाग तुझी पाळी. विहिरीवर चुलत्यांच्या मागोमाग होती तशीच. फरक एवढाच, की इथं आपल्याला पाणी उरायचं.

त्या वर्षी तू हाताखाली गेला नाहीस.

माझं लग्न होऊन मी साताऱ्याला गेले, तेव्हा पाठवणीत तू मला पत्र्याच्या कोऱ्या पट्ट्यांचा डबा दिलास. बायका बघत राहिल्या. साताऱ्यात पुढच्या खोलीत फोन आला आणि तार ठोकली. आता सातारा आणि सांगली असे आपले दोन फोन, आणि रविवारी सकाळी या फोनवरून त्या फोनवर आपलं भांडण. साताऱ्याची कामं वेगळी. महाबळेश्वरच्या हॉटेलांचे पावसाळ्यातले फोन, जनरेटर बंद, गीझर बंद, टॅक्सी मिळंना. एका जनरेटरवाल्यानं मला मालकांसारखंच विचारलं, पहिलं नाव आमचं सांगा, पैसे घ्या. या वेळी मी तुला नवीन मुद्दा काढला. आपण लपवून पहिलं नाव सांगितलं तर ती फसवणूक. पण फोन करणाऱ्याला उघड सांगितलं, की हे एक नाव पैसे देऊन पुढं आलंय आणि हे दुसरं पाळीनं आलंय, तुम्हाला हवं ते घ्या, तर? पेपरात जाहिरात असते आणि बातमी असते, वाचणाऱ्याला फरक कळतो की नाही?

तू म्हणालास, "ह्यात कायतरी हाय बग. पर कायतरी सलतंयबी. साताऱ्याला आलो की बोलू."

ते बोलणं राहिलं.

तू दुकान उघडताना गेलास. अर्धं शटर वर झालेलं. चाचांनी रिक्षात घातलं, पण रस्त्यातच. मला साताऱ्यात फोन आला तो आपल्याच नंबरवरून, आवाज चाचांचा. मी सवयीनं विचारलं, काय बिघडलंय? ते काही बोलेनात, तेव्हा कळलं.

तुझे दिवस झाले त्या दुपारी मालक दुकानात आले. आता काठी घेऊन चालतात. वहिनीसमोर बसून म्हणाले, "शामराव गेला. लय चांगला हात होता." मी त्यांच्या तोंडून तुझं नाव पहिल्यांदा ऐकलं. ते खोटं बोलत नव्हते, त्यांचे डोळे ओले होते. मग तिला म्हणाले, पोरी, तू कॉइल चांगली गुंडाळतीस, मला ठाऊक हाय. हे दुकान एकट्या बाईला झेपायचं न्हाई. माझ्याकडं ये, महिन्याचं महिन्याला मिळंल.

वाईट हेतू नव्हता, दादा. भाडं, घर, सगळं डोळ्यासमोर होतं. पण हे वहिनीचं तिनं ठरवायचं होतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आवं मालक, आमच्या पाळीचा फोन यायचाय अजून. त्यो येऊ द्या, मग बगू."

मी तारेकडे बघितलं. मोटारवाल्यांच्या तारेत तुझी पट्टी सगळ्यात पुढं होती. दुकान बंद होतं त्या दिवसांत मोटारीचे फोन आले होते. फोनजवळ बसून चाचांनी प्रत्येकाला सांगितलं होतं, अडचण हाय, दोन दिसानं फोन करा. पट्टी सरकवली नव्हती कुणी. मालकांनीही वर बघितलं. त्यांची पाळी होऊन गेलीय आणि आता तुझी आहे, हे त्यांना वाचता येत होतं. ते काठी टेकून उठले आणि वहिनीला म्हणाले, वार्निश संपलं तर दुकानातनं न्या.

आज सकाळी मी दुकान उघडलं. वहिनी उंबऱ्याजवळची तिची जागा सोडून आत, तुझ्या पाटावर बसली. थोड्या वेळानं फोन वाजला. पलूसकडचे गृहस्थ, मोटार जळालीय, चांगला मिस्त्री सांगा. मी पट्टी वाचली. नाव सांगितलं, बोळ सांगितला, टेम्पो आत येत नाही हेही सांगितलं.

"शामा मिस्त्री सोता असत्यात न्हवं?"

"ते नाहीत आता," मी म्हटलं. "त्यांच्या पत्नी भरतात. तक्रार आली तर याच नंबरवर सांगा, पट्टी उलटी होईल."

ते म्हणाले, कसली पट्टी? मग म्हणाले, बरं, आणतो दुपारी.

मी तुझी पट्टी काढून मागं ओवली. तार थोडी सैल झाली होती, घट्ट केली. दुपारी मोटार आली. चाचा आणि ते गृहस्थ, दोघांनी ती बोळातून उचलून आणली, आणि हे लिहितेय तेव्हा वहिनीनं ती खोलून जळकी तार बाहेर काढलीय. जाहिरातीच्या नावाचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. तुझं ते सलणं काय होतं, हे मला शोधावं लागेल.

दुकान उघडं आहे. ते आपलं आहे. आपल्या घरातलं कुणी परत कुणाच्या हाताखाली गेलेलं नाही.